पेन्सिलीचा हिमालय

मानवतच्या हायस्कुलात मुंजाजी मास्तर चित्रकला शिकवायचे, म्हणजे डोंगर शिकवायचे. आंबा काढायचा तास असला तरी आंब्याच्या मागं डोंगर. मडकं काढलं, मागं डोंगर. एका पंधरा ऑगस्टला हेडमास्तरांनी फळ्यावर झेंडा काढायला सांगितला, तर मास्तरांनी फळाभर हिमालय उभा केला. हेडमास्तर चष्मा पुसून पुसून बघायला लागले. "मास्तर, झेंडा कुठंय?" मास्तर म्हणाले, "शिखरावर बघा की. इथून लांब आहे, म्हणून बारीक दिसतोय."

आणि हे सगळं कुठं, तर मानवतात! जिकडं बघावं तिकडं काळं सपाट रान, कापूस नाहीतर ज्वारी, आणि गावातली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे कापसाची सरकी काढायच्या जिनिंगचं धुराडं. जिंतूरकडं डोंगर आहेत म्हणतात. असतील बापडे. मानवतच्या माणसाला जिंतूरला जायचं काही कारण पडत नाही.

मास्तर स्वतः वालूरचे. तिथंही डोंगराचं तेच. मग हा डोंगर त्यांच्या डोक्यात शिरला कुठून? तर नोकरीतून. त्रेसष्ट साली मुलाखतीला आले तेव्हा त्यांनी पेन्सिलीनं काढलेलं एक बर्फाचं शिखर बरोबर आणलं होतं. बियाण्याच्या कॅलेंडरावरून उतरवलेलं होतं, पण सुबक होतं. संस्थेचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी. त्यांनी ते चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे कुठलं?"

"हिमालय."

"जाऊन आलात?"

आता इथं 'नाही' म्हणायला काय झालं होतं? जीभ झडली असती का? पण बाहेर दुसरे अकरा उमेदवार बसले होते. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "तीन महिने होतो तिथं."

नोकरी लागली. आणि थाप एकदा पगारावर लागली की ती काही सोडता येत नाही. मास्तरांचा खरा प्रवास औरंगाबादपर्यंतचा, ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी. दौलताबादचा किल्ला त्यांना लांबून, धुक्यात दिसला होता. धुकं ते म्हणायचे. त्यांची बायको चतुराबाई म्हणायची, "धुकं कशाचं, तवा चष्मा नव्हता लागलेला." पण शिक्षकांच्या खोलीत हिमालय दरसाल वाढत गेला. पहिल्या वर्षी मास्तरांना अस्वल दिसलं ते पलीकडच्या डोंगरावर. पाचव्या वर्षी ते तंबूपाशी आलं. दहाव्या वर्षी मास्तर त्याच्या श्वासाचा वास कसा होता ते सांगायला लागले. चतुराबाई हे सगळं ऐकून होती. सकाळी पिशवी पुढं करून म्हणायची, "हिमालयातून आलाच हाव, तर जाता जाता एवढं दळण टाका."

एका साली तिनं ते कॅलेंडरसुद्धा पापडाच्या डब्याच्या तळाशी घातलं. तेल लागून हिमालयाचा वडा झाला. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना हिमालय सापडला. जिनिंगच्या आवारात.

झालं असं, की ते जिनिंगवरून चालले होते. कापसाचा हंगाम, गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत, आणि आत उघड्यावर कापसाचे ढीग, घरापेक्षा उंच. मास्तरांच्या हातातली पेन्सिल पडली. ती उचलायला वाकले, मान तिरपी करून वर पाहिलं, आणि तसेच राहिले. जमिनीला डोळा लावून पाहिलं की ढिगाचं शिखर होतं! उन्हाच्या बाजूनं पांढरं फेक, दुसरीकडून निळसर सावली, आणि गडी कापूस तुडवायला वर चढतात त्यांचे पाय जिथं रुतले तिथं दऱ्या. त्या दिवसापासून मास्तर हंगामात सकाळी पोतं घेऊन जिनिंगला जायचे, पोतं अंथरून त्यावर पालथे पडायचे आणि हनुवटी मातीला टेकून हिमालय काढायचे. राखणदार म्हणायचा, "मास्तर, पोटात दुखायलंय का?" मास्तर म्हणायचे, "हो."

एवढं चाललं होतं ते ठीक होतं. कुणाचं काही जात नव्हतं. पण त्र्याहत्तर साली सरजाबाई आली.

सरजाबाई भीमनगरात राहायची. नवरा मागंच गेलेला, कापूस वेचायला जायची, आणि एकच पोरगा, भुजंग. मास्तरांचाच विद्यार्थी. चित्रकलेत इतका कच्चा, की त्यानं काढलेला बैल पाहून मास्तरांनी विचारलं होतं, "ही खाट कुणाची?" तो भुजंग दुष्काळाच्या साली मिलिटरीत भरती झाला. सरजाबाईनं अख्ख्या भीमनगराला सांगितलं, मपलं लेकरू सीमेवर गेलं. मग त्याचं पहिलं पत्र आलं आणि ते वाचून घ्यायला ती मास्तरांच्या दारात उभी राहिली.

"जयभीम, मास्तर. एवढं वाचून दावता का?"

पत्र चार ओळींचं. मायला जयभीम, मी इकडे हिमालयात सीमेवर आहे, खुशाल आहे, काळजी करू नये. पत्ता म्हणजे नुसता लष्करी टपालाचा नंबर. पोरगं नेमकं कुठं आहे ते ना शिक्क्यावरून कळावं ना पत्त्यावरून.

सरजाबाई उंबऱ्यापाशी टेकली. "मास्तर, तुमी तर तीन महिने ऱ्हायलात तिथं. कसं असतंय ओ?"

दहा वर्षं झाली होती थाप मारून. लोक ऐकायचे, हसायचे, अस्वल आलं की एकमेकांना डोळा मारायचे. पण इतक्या जिवाच्या आकांतानं मास्तरांना हिमालय कुणी विचारला नव्हता. मास्तर फुलले. त्यांनी तिला दऱ्या सांगितल्या, देवदार सांगितले, पहाट सांगितली. अस्वल मात्र गाळलं, एवढी अक्कल होती. आणि तिच्या वतीनं उत्तर लिहिताना शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य घातलं : 'आता तिकडे घोट्याएवढा बर्फ पडला असेल, जपून राहावे.'

महिन्यानं भुजंगचं पत्र आलं. 'इकडे घोट्याएवढा बर्फ पडला आहे.'

मास्तरांनी तेवढं वाक्य दोनदा वाचलं. मग सरजाबाईला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "काय म्हणलं होतं मी?" पण मनातून ते चक्रावले. आपण थाप मारावी आणि ती चक्क खरी निघावी? पुढच्या पत्रात त्यांनी मुद्दाम लिहिलं, 'बर्फ आता पोटरीपर्यंत आला असेल.' उत्तर आलं, 'होय, पोटरीपर्यंत आला आहे.' मग गुडघ्याएवढा. मग मांडीएवढा. वर्ष-दीड वर्ष तो बर्फ असा टपालानं चढत गेला. मास्तर चतुराबाईला म्हणाले, "मला वाटतं मागच्या जन्मी मी तिकडचाच असावा." चतुराबाई म्हणाली, "ह्या जन्मी नळाला पानी आलंय, तेवढी घागर लावा."

सरजाबाई मात्र पत्र ऐकताना दर वेळी गप्प गप्प होत गेली. बर्फ कंबरेला लागला त्या दिवशी ती हरभऱ्याच्या ढाळ्याची पेंडी घेऊन आली, पोरांसाठी म्हणून चतुराबाईच्या हातात दिली आणि मास्तरांना म्हणाली, "मास्तर, एक काम सांगते. न्हाई म्हणू नका. डोळे मिटले की भुजंग दिसतो मला, पन त्याच्या मागं काय हाय ते दिसत न्हाई. मागं मानवतचंच रान येतंय. तेवढा डोंगर काढून द्या मला. त्यो कुठं हुबा ऱ्हातो ते बघू द्या."

मास्तर तीन सकाळी पोटावर पडले. असं चित्र त्यांनी जन्मात काढलं नव्हतं. कडक पेन्सिलीनं बारीक चिरा, मऊ पेन्सिलीनं दऱ्यांतला अंधार, आणि बर्फ म्हणजे कोरा कागद, नुसता राखलेला. खाली कोपऱ्यात मुंगीएवढा शिपाई, बंदूक घेतलेला, कंबरेपर्यंत बुडालेला. मास्तर स्वतःच बघत बसले. खोटं असलं म्हणून काय झालं, काम चोख होतं.

सरजाबाईनं कागद दोन्ही हातांनी धरला. "ह्यो भुजंग?"

"तोच."

"एवढुसाच?"

"डोंगर मोठा असतो, सरजाबाई."

"आन हे पांढरं समदं बर्फच?"

"सगळा बर्फच."

ती पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ बघत राहिली. मास्तरांना वाटलं, चित्र भिडलं. कलावंत माणूस, त्याला दुसरं काय वाटणार?

आठ दिवसांनी तिनं त्यांना घरी चहाला बोलावलं. मास्तर गेले आणि दारातच थबकले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि त्या दोघांच्या ओळीत, काच लावून, जिनिंगचा कापूस. गल्लीतल्या बाया येत होत्या, चित्राला हात जोडत होत्या, भुजंग कुठाय म्हणून विचारत होत्या, आणि सरजाबाई नखानं दाखवत होती. शाळेत थाप मारणं वेगळं. तिथं सगळेच थोड्याफार थापा मारतात. पण हे कुठं नेऊन लावलं बाईनं! बाबासाहेब भिंतीवरून आपल्याकडंच बघतायत असं वाटून मास्तरांनी चहा बशीत ओतला, तोंड भाजून घेतलं आणि पळाले.

आणि जानेवारीत पत्र आलं. 'मला रजा मंजूर झाली आहे. येत्या बुधवारी पोहोचतो.'

सरजाबाईला ते वाचून दाखवताना मास्तरांनी बुधवार दोनदा वाचला. ती मात्र तिथल्या तिथं उठून उभी राहिली. "आता कळंल त्याला, त्याच्या मायनं त्याला कुठं कुठं बघितलं ते! आल्याबरूबर चित्र दावते."

म्हणजे संपलंच. दोन वर्षं बर्फात काढलेला माणूस त्या चित्रासमोर उभा राहणार आणि म्हणणार, माय, हा तर कापसाचा ढीग. मास्तरांची बारा वर्षांची हिमालयाची अब्रू गेली, नोकरीवरही प्रश्न आला, आणि ती बाई ज्याला रोज सकाळी लेकरू म्हणून बघायची, ते तिच्या हातातून गेलं. ते दुसऱ्या दिवशी भीमनगरात गेले. "सरजाबाई, चित्र जरा द्या, शेडिंग राहिलंय." ती म्हणाली, "हाय तसं बेस हाय." तिसऱ्या दिवशी गेले. "काच चुकीची लावलीय, कागद पिवळा पडंल." ती म्हणाली, "पडू द्या." मंगळवारी मास्तरांनी वालूरला जायची पिशवी भरली. चतुराबाईनं ती रिकामी केली.

"कुठं निघालाव? खरं सांगून टाका तिला."

"अगं, आता कसं सांगू?"

"जसं खोटं सांगितलं तसंच. तोंडानं."

बुधवारी एस.टी.तून भुजंग उतरला. अंग भरलेलं, रंग उजळायच्या ऐवजी अजून काळवंडलेला. घरापुढं भीमनगर लोटलं होतं. सरजाबाईनं मास्तरांना मुद्दाम बोलावणं धाडलं होतं, आणि ते आले होते, सगळ्यांच्या मागं, चप्पल पायातच ठेवून. पोराचं तोंड कुरवाळून झाल्यावर सरजाबाईनं त्याला भिंतीसमोर उभा केला. "बघ. वळखू येतंय का?"

मास्तरांची पाचावर धारण बसली. भुजंगनं एकदा चित्राकडं पाहिलं, एकदा मायकडं, आणि म्हणाला, "हुबेहूब! माय, हुबेहूब हाय. ह्योच त्यो डोंगर."

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मास्तरांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. आता कापसाचा ढीगसुद्धा खरा निघाला? त्यांना स्वतःचीच भीती वाटायला लागली.

लोक पांगले. सरजाबाई चुलीकडं वळली तसा भुजंगनं मास्तरांचा हात धरला आणि त्यांना घरामागं बाभळीपाशी नेलं. इकडं तिकडं पाहून हळूच म्हणाला, "गुरुजी, माय इचारायलीय, बर्फ हाताला कसा लागतो. काय सांगू?"

"मला काय विचारतोस? तू राहून आलास."

"मी कुठला, गुरुजी! मी मद्रासच्या बाजूला हाय. रेशनच्या गोदामात. बटाटे मोजतो, कांदे मोजतो, कमी पडले की शिव्या खातो. भरतीच्या वक्ताला मायनं अख्ख्या गल्लीला सांगितलं, पोरगं सीमेवर चाललं. तिला काय लिवू, बटाट्यावर हाय म्हणून?"

"आणि बर्फ? घोट्याएवढा, गुडघ्याएवढा?"

"ते तुमीच लिवायलात की! म्या म्हणलं, गुरुजी तीन महिने ऱ्हाऊन आलेत, त्यांना पक्कं ठाऊक. तुमी जेवढा म्हणाल तेवढा मी पाडत गेलो."

मास्तर बाभळीच्या बुंध्याशी खाली बसले. बारा वर्षं जे तोंडून निघालं नव्हतं ते एका दमात निघालं. "भुजंगा, मी औरंगाबादच्या पुढं गेलेलो नाही. तो डोंगर जिनिंगचा आहे."

भुजंग आ वासून बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. त्याचं बघून मास्तरांना फुटलं. दोघं बाभळीला धरून हसायला लागले, मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी, भुजंगला ठसका. "कंबरेएवढा, गुरुजी!" "तू होय म्हणालास म्हणून!" "बरं झालं रजा मिळाली, न्हाईतर गळ्याला लागला असता!"

सरजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीच्या कोपऱ्याशी उभी होती. किती वेळची, कोण जाणे. दोघांचं हसू घशातच राहिलं.

"मद्रासला हायस तू?" ती म्हणाली.

"माय, मी सांगनारच होतो..."

"दोन हिवाळे, भुजंग्या." तिनं तांब्या खाली ठेवला, ठेवला म्हणजे आदळला. "दोन हिवाळे म्या अंगावर गोधडी घेतली न्हाई. मपलं लेकरू बर्फात हुबं आन म्या उबीला निजू? कुडकुडत पडायची. दात वाजायचे. शेजारची तानुबाई म्हणायची, मरशील बये. म्या म्हणलं, मरू दे, त्याला थंडी तर त्याच्या मायला बी थंडी. आन तू तिकडं कांदे मोजायलास? एक सबद लिवता येत न्हवता तुला?" मग ती मास्तरांकडं वळली. "आन तुमी! लिवाया सांगितलेल्या पत्रात घरचा बर्फ घालायलात? शिकलेले ना तुमी? घोट्याचा गुडघा केला, गुडघ्याची कंबर केली, कोन करायला सांगितलं होतं? माझी हाडं मोडली ओ तुमच्या बर्फापायी!"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण एका वाक्यात, मजेत, शाईचा ठिपका न पाडता जो बर्फ चढवला, तो ह्या बाईनं रोज अंगावर घेतला होता. त्यांना त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की बाभळीच्या काट्यांत तोंड घालावंसं वाटलं.

ती आत गेली आणि डोंगराची तसबीर घेऊन आली. काच काढून कागद मास्तरांच्या मांडीवर टाकला. "पुसा."

"सरजाबाई..."

"पुसा म्हणते ना. बाबासाहेबाच्या शेजारी लावलं म्या हे. पुसा, आन जे हाय ते काढा."

खोडरबर मास्तरांच्या खिशात असायचाच. त्यांनी तिथंच बाभळीखाली बसून हिमालय पुसला. शिखर गेलं, दऱ्या गेल्या, शिपाई गेला. तीन सकाळचं काम दहा मिनिटांत मळकट कागद होऊन बसलं. मग ती भुजंगला म्हणाली, "सांग त्यांना, काय काय हाय तिथं."

भुजंग मान खाली घालून सांगत गेला आणि मास्तर काढत गेले. पत्र्याचं लांबडं गोदाम. दारात वजनाचा काटा. मागं सपाट जमीन, लांब दोन ताडाची झाडं. बटाट्याचा ढीग काढताना सवयीनं हात वर वर जायला लागला, टोक निघालं, टोकावर पांढरं राहिलं.

"मास्तर!" सरजाबाई खेकसली.

मास्तरांनी घाईनं टोक मोडलं. सपाट जमीन त्यांना कधी काढावी लागलीच नव्हती. रेघ वाकडी यायची, पुन्हा पुसायची. शेवटी ढिगाशेजारी भुजंगला बसवला. आता मागं काही उंच नव्हतं, म्हणून तो चांगला वीतभर आला, नाकडोळ्यांसकट.

"अंगात काय घातलंय?" मास्तरांनी विचारलं. "वर्दी?"

"गोदामात कुठली वर्दी, गुरुजी. बनेन."

मास्तरांनी बनेन काढली. सरजाबाई इतका वेळ कमरेवर हात ठेवून उभी होती, ती एकदम वाकली. तिनं चित्रातल्या उघड्या दंडावर बोट ठेवलं.

"ह्ये बाह्या काढायच्या ऱ्हायल्यात का?"

"नाही," मास्तर म्हणाले, "बनेनीला बाह्या नसतात."

"आता, ह्या महिन्यात बी? जानेवारीत?" तिनं पोराला विचारलं.

"माय, तिथं हिवाळाच न्हाई. बसल्या जागी घाम येतो. रात्री दार उघडं टाकून निजतो आमी."

"पांघरून लागत न्हाई तुला?"

"न्हाई, माय."

सरजाबाई तिथंच मातीत बसली. तिनं ते चित्र छातीशी धरलं आणि दोन वर्षांत रडली नव्हती ती, सगळी गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं रडायला लागली. "उकडतंय माझ्या लेकराला," ती म्हणत होती, "उकडतंय माय, त्याला उकडतंय!" भुजंग तिच्या पायांशी बसून रडायला लागला. पेन्सिलीची पूड तिच्या लुगड्याला लागत होती, पण मास्तरांनी चित्र मागितलं नाही.